जोडणी पूर्ण झाली

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर तिचा शेवट नक्कीच वेगळा केला असता.

माझं नाव तहरीम. माहेर अकोल्याचं. हे घडलं शुक्रवारी, २६ सप्टेंबर २०१४ ला. रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. भर दुपार होती, डोळे दिपवणारं ऊन होतं.

तेव्हा मी अमरावतीत एका छोट्या संस्थेत कामाला होते. ज्या घरातला शेतकरी जीव देऊन गेला, त्या घरातल्या बाईसाठी ही संस्था काम करायची. दोन खोल्या, चार माणसं आणि खुशालराव सर. त्या वर्षी पाऊस फार उशिरा आला होता. दर आठवड्याला आमच्या वहीत एखादं नवं नाव चढायचं.

संस्थेचा एक नंबर होता. बाईनं त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, मग आम्ही उलट फोन करायचा. हा नंबर इंटरनेटवरून कॉल पुरवणाऱ्या एका कंपनीचा होता. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाजायचा. हेडफोन लावून मीच बसायचे.

नांदगाव खंडेश्वरच्या पलीकडच्या एका खेड्यात साधना राहायची. वय एकतीस. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. घरी फक्त ती आणि तिचे सासरे शेषराव. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेलेली. तीन एकर वावर ती एकटी करायची.

साधना नेहमी लागोपाठ दोन मिस्ड कॉल द्यायची.

"दोन आले का समजून जा, मीच आहो," असं तिनंच सांगून ठेवलं होतं.

मी फोन लावला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"ताई, जेवल्या का?"

मग कधी पेन्शनचा कागद, कधी सोयाबीनवरची अळी, कधी नुसतंच. "काई नाई ताई, आवाज आयकाव वाटला." चार वर्षांत आम्ही एकमेकींना एकदाही पाहिलं नव्हतं. पण माझं लग्न मोडलं ते घरात अम्मीच्याही आधी साधनाला कळलं होतं.

त्या शुक्रवारी मला अकोल्याला जायचं होतं. दुसऱ्या दिवशी अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

सर म्हणाले, "तहरीम, तू गेली तर फोन कोण घेईन? त्या नंबरले तुह्या मोबाईलशी जोडून दे ना. मंग कुठीही बस, तुह्या फोनवर वाजते."

मी बसले जोडायला. माझा नंबर टाकला. मेसेजमध्ये कोड आला, तो भरला. कॉम्प्युटरवरचं जुनं वाजणं बंद केलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. खाली बारीक अक्षरात अजून काहीतरी लिहिलेलं होतं...

मी वाचलं नाही. पावणेएकची एसटी गाठायची होती.

स्टँडवर बसमध्ये चढताना फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. एका हातात पिशवी, मागे गर्दी. वाटलं, जाहिरातवाले असतील.

मी फोन कापला.

बडनेरा गेलं. मूर्तिजापूर गेलं. फोन एकदाही वाजला नाही. एरवी दुपारी दहा तरी कॉल यायचे. मला त्याचं काहीच वाटलं नाही. खरं सांगते, बरंच वाटलं. खिडकीला डोकं टेकून मी झोपले.

अकोल्याला उतरून थेट दवाखाना. अम्मीच्या तपासण्या, रांगा, चिठ्ठ्या. माझा भाऊ वकार औषधं आणायला गेला तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर बसले.

सहाला पाच मिनिटं कमी होती.

फोन वाजला. तोच लांबलचक नंबर. या वेळी मी उचलला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता. "आपला मोबाईल नंबर जोडण्यासाठी एक दाबा."

मी एक दाबला.

"धन्यवाद. आपली जोडणी पूर्ण झाली आहे."

म्हणजे... ती आत्ता पूर्ण झाली होती. दुपारचा तो कॉल हाच होता.

पाच तास तो नंबर ना ऑफिसात वाजत होता, ना माझ्याकडे.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. दोन रिंग, आणि बंद.

पुन्हा दोन रिंग... आणि बंद.

साधनाचा नंबर.

जीव भांड्यात पडला. मी लगेच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

पण पलीकडे कुणी बोलेना.

नुसता वारा. आणि वाऱ्यात वाळलेल्या शेंगा हलाव्यात तसा खुळखुळ आवाज. खूप शेंगांचा. ना पाखरू, ना माणूस, ना गावातला भोंगा.

"साधना? अगं, बोल ना."

बऱ्याच वेळानं आवाज आला. फार लांबून...

"ताई, जेवल्या का?"

"हो गं. तू?"

"तुमचा फोन लागूनच नाई राहिला होता."

"चूक झाली गं माझी. नंबर जोडत होते..."

"असू द्या." मग थांबली. "ताई, मामाजीले दिसत नाई. त्याईच्यापाशी पानी ठेवा लागते."

"मग ठेव ना. तू कुठे आहेस?"

"वावरात."

"अंधार पडेल आता. घरी जा."

शेंगा तेवढ्या वाजत राहिल्या. मग त्याही थांबल्या...

फोन बंद झाला होता.

मी परत लावला. स्विच ऑफ.

त्या संध्याकाळी मी अम्मीजवळ बसून भाकरी खाल्ली. साधनाची बॅटरी संपली असेल, असंच समजले.

सकाळी अम्मीला ऑपरेशनला आत नेलं आणि सरांचा फोन आला.

"तहरीम... साधना गेली बाई. काल वावरात पान लागलं तिले."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

"काल? किती वाजता, सर?"

"दोनच्या आसपास. चार वाजता लोकाईले दिसली. दवाखान्यात नेली, पन तिच्यात काई नोतं राह्यलं."

मी जिन्याचा कठडा धरला. कालचीच पायरी होती.

सरांना मी संध्याकाळच्या फोनबद्दल सांगितलं नाही. आधी वकारच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या वेबसाइटवर आमचं खातं उघडलं. आलेल्या सगळ्या कॉलची तिथे नोंद असते.

एक बावन्न. एक त्रेपन्न.

एक अठ्ठावन्न. एक एकोणसाठ.

दोन सात. दोन आठ.

जोडीजोडीनं. प्रत्येकापुढे एकच शेरा होता. "नंबर जोडलेला नाही."

लोक मला विचारतात, तिनं अँब्युलन्सला फोन का नाही लावला? आरडाओरडा का नाही केला? मला ठाऊक नाही. एवढंच माहीत आहे की चार वर्षांत तिनं दोन मिस्ड कॉल दिले आणि उलट फोन आला नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ती फोन कापायची आणि वाट पाहायची. त्या दिवशीही तिनं तेच केलं.

सोयाबीनच्या ओळीत बसून तिनं माझी वाट पाहिली.

सोमवारी मी सरांसोबत तिच्या गावी गेले. अंगणात आठ-दहा माणसं होती. शेषराव भिंतीला टेकून बसले होते. वावरात तिला सर्वांत आधी पाहणारे शेजारी मोतीराम तिथेच होते.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तिचा फोन कुठे होता?"

"हातातच होता. मूठ सुटून नोती राह्यली. मीच काढला, बंद केला अन् पोलिसाईपाशी देला."

"किती वाजता?"

"पाच वाजले असन. काहून?"

मी शेषरावांजवळ जाऊन बसले. आवाजावरून त्यांनी मान वळवली.

"कोन? ते फोनवाली पोरगी का?"

"हो, मामाजी."

"लय नाव घ्याची तुहं."

मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं. कापलेला फोन. सहा मिस्ड कॉल. एसटीतली झोप. सर मला थांबवत होते, पण मी थांबले नाही. शेषरावांनी शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत. नुसती मान हलवत राहिले.

शेवटी मी संध्याकाळचा फोन सांगितला. पाण्याचं सांगितलं.

ते भिंतीपासून सरळ झाले.

"सांजीले म्हनते तू?"

"हो. सहा वाजता."

"त्या सांजीले कोनीतरी तांब्या ठेवला माह्यापाशी," ते म्हणाले. "मले तवा काईच मालूम नोतं. मी म्हनलं, आली का पोरी? बोलली नाई. पावलाचा आवाज नाई, बांगडीचा नाई. तांब्या तेवढा टेकल्यासारखा वाजला. मी पेलो. मले वाटलं, थकून आली असन वावरातून."

मोतीराम उठून उभे राहिले.

"आबा, सांजीले घरी कोनी नोतं. अख्खं गाव दवाखान्यात होतं. तुमाले सांगाले आमी आठ वाजता आलो."

तेराव्यानंतर शेषरावांची मुलगी कौशल्या त्यांना कौंडण्यपूरला आपल्या घरी घेऊन गेली. मी ती जोडणी तोडली. महिन्याभरात नोकरीही सोडली. सर नको म्हणत होते.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर मला रोज फोन आले असतील.

नाही.

तोच एक. मी फोन उशाशी घेऊन झोपायचे. आंघोळीला जाताना बाहेर खिडकीत ठेवायचे. दुपारी दोनच्या सुमारास हातात धरून बसायचे. लोक असल्या फोनला घाबरतात. मी त्याची वाट पाहत होते. तो पुन्हा कधीच आला नाही.

डिसेंबरमध्ये कौशल्याताईंचा निरोप आला. "बाबा तुमची आठवन काढून राह्यले. एकडाव येऊन जा."

मी गेले. दुपारची वेळ. शेषराव पडवीत बाजेवर बसले होते, फारच वाळले होते. जेवण झालं. भांडी मीच घासली. त्यांचा तांब्या घासून, कोरडा करून, बाजेजवळच्या पाटावर पालथा घातला. हे मला नीट आठवतं.

कौशल्याताईंनी मला आत नेलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, कोनाले सांगू नोका. बाबापाशी पानी आमी ठेवतच नाई. मी पह्यले ठेवाची. पन ठेवाले जावो त तांब्या भरेलच राहे. मंग मी सोडून देलं."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटे." त्या पदरानं तोंड पुसत होत्या. "आता रडू येते."

तेवढ्यात बाहेर पडवीत पाटावर काहीतरी टेकलं.

हलकंच... एकदाच.

मी धावत बाहेर आले. पडवी रिकामी. अंगण रिकामं. फाटक बंद. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. आणि पाटावर तांब्या सरळ होता. काठोकाठ भरलेला.

शेषरावांनी चाचपत तो उचलला, दोन घोट घेतले आणि माझ्या दिशेनं पुढे केला.

"घे. तू बी पे."

मी घेतला. पाणी थंडगार होतं. मी प्यायले.

आणि मग मला इतके दिवस जे बोलायचं होतं, ते तोंडातून बाहेर पडलं. त्या रिकाम्या अंगणाकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "साधना, मी फोन कापला गं. मला माफ कर. मला खरंच माहीत नव्हतं."

वारा नव्हता. पान हललं नाही.

मी उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. शेषराव कान देऊन ऐकत होते. मग त्यांची मान हळूच खाली झाली.

"गेली ते," ते म्हणाले.

"कधी?" मी विचारलं. "मामाजी, मी बोलायच्या आधी की नंतर?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. पण उत्तर दिलं नाही. एप्रिलमध्ये ते वारले.

आधी की नंतर, ते शेवटपर्यंत त्यांनी मला सांगितलं नाही.