घरचा निरोप

त्या आठवड्यात आमच्या शेतपंपाला रात्रीची पाळी होती. वीज अकराला येणार, म्हणून जेवणं उरकून आम्ही मोटारीच्या खोलीबाहेर बसलो होतो: मी, माझा नवरा राजवर्धन, नणंद श्रिया आणि चुलत सासरे मानसिंगतात्या. लग्नाला चार महिने झालेले. माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं.

समोर पन्नास पावलांवर उजनीचं पाणी. हे पाणी समुद्रासारखं दिवसातून दोनदा नाही, वर्षातून एकदा चढतं-उतरतं. दिवाळीत उसाच्या मुळाशी येतं, मेमध्ये पार लांब जातं, आणि मग बुडालेल्या गावाचा जुना रस्ता उघडा पडतो. मी वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. पाणी नळाला येतं आणि जातं, एवढंच मला ठाऊक.

श्रिया म्हणाली, "तात्या, बिरूकाका आता कुठल्याच बाईला काही विचारत नाही म्हणं. आली की होडी सोडतो."

तात्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"न्हाय इचारत."

"का?"

"तुला काय करायचंय?" असं म्हणाले, आणि सांगायला लागले. तात्यांना राग आला की ते गोष्ट सांगतात, हे मला एव्हाना कळलं होतं.

"हितल्या होडीवाल्यांची एक रीत व्हती. एकटी सून आली, तर सासरचा निरोप असल्याबिगर पलीकडं न्यायची न्हाय."

"असा कायदा आहे?" श्रियाने विचारलं.

"कायद्यात लाइफ जॅकेट बी हाय. बघितलंस कवा?"

राजवर्धन हसला. तात्या हसले नाहीत.

"मागल्या सालच्या एप्रिलात, दिवस बुडताना, वरल्या आळीची सून आली. स्वरूपा. आई आजारी हाय म्हणली. माहेर ह्ये समोर, पलीकडच्या काठाला. तितला दिवा हितनं दिसतो. रस्त्यानं जायचं तर शंभर किलोमीटरचा वळसा. बिरूनं इचारलं, 'घरचा निरोप हाय का?' न्हाय म्हणली. मग त्यानं तिच्या सासऱ्याला फोन लावला. त्यो म्हणला, नगं नेऊ."

"मग?"

"मग काय न्हाय. रडली न्हाय, भांडली न्हाय. चपला हातात घेतल्या न् जुन्या रस्त्यानं पाण्याकडं चालाय लागली. म्होरं वढा हाय, त्येच्यावरचा पूल कवाच गेलाय. आमाला वाटलं, जाईल जराशी, येईल माघारी."

"आम्हाला?" राजवर्धनने विचारलं.

तात्या पाण्याकडे बघत राहिले.

"तिसऱ्या दिवशी घावली."

उसात काहीतरी खसफसलं आणि गप्प झालं.

"म्होरल्या म्हैन्यात, अकरा मे. रईवार. पुनवंची आदली रात. पावणेधाला बिरूच्या लेकीचा फोन. प्रगतीचा. तिला बी पलीकडंच दिलीय. 'आबा, न्यायला या. आत्ता.' काय झालं म्हणला. 'मारलं. पळून काठावर आलीय. हितलं होडीवालं निरोप मागत्यात. ह्यांची माणसं बॅटऱ्या घिऊन हुडकत्यात मला.'"

तात्यांचा अंगठा पुन्हा तंबाखू मळायला लागला.

"बिरूची होडी केवढीशी. इंजिन न्हाय. शीड हाय वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. कुणाचा वाढदिवस त्ये इचारू नगा. हात जोडल्याला माणूस हाय, वारा भरला की त्येचं गाल फुगत्यात."

आम्ही तिघंही हसलो. त्या रात्रीचं ते शेवटचं हसणं.

"वारा चांगला व्हता. बिरू निम्म्यात गेला. जुनं गाव जितं बुडालंय, तितं. आन् होडी थांबली."

"गाळात रुतली असंल." राजवर्धन म्हणाला.

"बांबू घातला. तळ लागंना. शीड भरल्यालं. दोरी ताणल्याली. वल्हं मारलं. होडी जागची हलंना... चांदणं लख्ख. पाण्यावर तरंग न्हाय. मागनं आवाज आला. बाईचा. साधाच. रोज कुणीतरी इचारावं तसा. 'घरचा निरोप हाय का?'"

श्रिया माझ्याजवळ सरकली.

"बिरूनं मागं बघितलं न्हाय. म्हणला, लेक हाय माझी... गप. कायबी न्हाय. मग परत. 'निरोप हाय का?' त्यो म्हणला, 'चुकलं माझं, पोरी. हात जोडतो.' तशी होडी दबाय लागली. मागनं. पाणी होडीच्या काठाला आलं. शिडावरचा माणूस बी हातच जोडून व्हता. काय उपेग?"

तात्यांचा आवाज चढला.

"पलीकडं काठावर एक बॅटरी दिसली. मग दोन. मग पाच. खिशात फोन वाजतोय. लेकीचा. वाजून बंद झाला. परत वाजंना. तवा बिरूला राग आला. तिचा न्हाय. सोताचा. रितीचा. हुबा ऱ्हायला न् वरडला, 'न्हाय! न्हाय निरोप! न्हाय लागत कुणाचा! माझ्या लेकीला बी न्हाय, तुला बी न्हाय! बस होडीत!'"

तात्या स्वतः उभे राहिले होते. हळूच खाली बसले.

"होडी हलली. कुणी चढावं तशी. आन् सुटली."

प्रगती गुडघाभर पाण्यात उभी होती, तात्या म्हणाले. बॅटऱ्या वीस पावलांवर. बिरूने तिला दंड धरून आत ओढलं. ती मागच्या फळीवर बसायला गेली, तर तो म्हणाला, "तितं नगं. म्होरं बस."

"पण स्वरूपा?" श्रियाने विचारलं. "तिचं माहेर तिकडंच ना? मग ती उतरली का तिथं?"

मळलेला तंबाखू तात्यांनी तोंडात न टाकता मातीत झाडला.

"तिच्या आईनं बी फोनवर सांगितलं व्हतं तिला. इचारून ये म्हणून."

तेवढ्यात वीज आली. खोलीतला दिवा लागला. राजवर्धन आणि श्रिया मोटार चालू करायला आत गेले. चार महिन्यांत मी तात्यांना कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं.

"तात्या, त्या दिवशी स्वरूपाच्या सासऱ्याला फोन लावायला बिरूला कोणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने म्हणावं, तर डोळे भरलेले.

"बॅटरी नीट धर, सूनबाई."

मी बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि घरी आले.

सकाळी उजाडताच पाण्याकडे गेले. कोणाला विचारलं नाही. बिरूची होडी काठाशी बांधलेली होती. फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला. मी आत वाकून पाहिलं. फळ्या कोरड्या, जाळं नाही, कॅन नाही, दगड नाही. इथल्या होड्यांना बाहेरून सगळीकडे एक तांबडा पट्टा ओढलेला असतो, आणि होडी रिकामी असली की तो पाण्यावर दिसतो. शेजारच्या दोन्ही होड्यांचा पुरा दिसत होता.

बिरूच्या होडीचा पुढच्या टोकाला दिसत होता. मागच्या टोकाला पाण्याखाली होता.