एका खाटेच्या दोन पाळ्या

ही घटना खरी आहे. रचून सांगायची असती तर मी भूत मध्यरात्री आणलं असतं, सोबत कुत्र्यांचं रडणं दिलं असतं.

हे सगळं सकाळी घडलं. चांगलं ऊन पडलेलं असताना.

साल १९९६, दिवाळी. माझा निंबा मामा सुरतेपासून दोन तास आत, मांगरोळकडच्या रानात कामाला होता. तिथला कारखाना काचेसाठी लागणारी पांढरी रेती खणून धुवायचा. धुतलेलं गढूळ पाणी मागच्या गाळाच्या तलावात जायचं. तलावाला कुंपण घालायचं मालकांनी पुढच्या वर्षी ठरवलं होतं.

दर वर्षी ठरवत होते.

कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या होत्या. बारा तासांची पाळी, आणि दोन माणसांत एक खाट. दिवसपाळीचा भाईदास रात्री झोपायचा, रातपाळीचा मामा दिवसा. खाट एक, गोधडी एक. मामा सकाळी यायचा तेव्हा भाईदास गेलेला असायचा. गोधडी गरम असली की समजायचं, जोडीदार कामावर गेला.

उशीखाली भाईदास मामासाठी एक बिडी ठेवायचा. एवढाच दोघांचा संसार.

एका सकाळी मुकादम बन्सीलालनं मामाला गेटवर अडवलं.

"निंबा, तुझा भाईदास काल कामावर नव्हता. भागी गयो के शुं?"

मामा खोलीत जाऊन आला. "आठेच शे, खोलीमा. गोधडी गरम शे."

"मग आळशी झालाय साला. आवशे, येईल."

विषय संपला. कोणी शोधलं नाही.

दुसऱ्या सकाळी गोधडी गरम...

तिसऱ्या सकाळीही गरम. उशीखाली बिडीही होती.

मामानं काडी ओढली. बिडी पेटेना.

ती ओली होती...

थंडीत दव पडतं, असं मामानं स्वतःला समजावलं. पत्र्याच्या खोलीत, उशीखाली दव.

मग एका सकाळी भाईदासची बायको चंद्रभागा आली. अमळनेरहून, फराळाचा डबा घेऊन.

"दिवाळीले येतो सांगे, उना नही. मना मालक कोठे शे, भाऊ?"

"गाम भागी गयो," बन्सीलाल म्हणाला.

"मी गावहूनच येल शे."

मामा मध्ये पडला. "घाबरू नका वहिनी. तो रोज आठेच निजस. चला, दाखवतो."

तिनं गोधडीवर हात ठेवला. गरम होती. बाई हसली. कपाळाचं कुंकू नीट केलं, डबा उशाशी ठेवला.

शेजारच्या खाटेवर तापानं पडलेला धुडकू उठून बसला. तो दिवसपाळीवाला, म्हणजे रात्री तिथेच झोपणारा.

"निंबा... त्या खाटवर चार-पाच दिनपासून रातले कोणीच नही राहत."



चंद्रभागानं गोधडी उचलली.

खाली पांढरी रेती होती. ओली. माणूस कुशीवर झोपतो तेवढ्या जागेत...

"तलाव उपसा," ती म्हणाली.

"काम बंद पडशे!" बन्सीलाल ओरडला.

मामानं त्याला बाजूला सारून स्वतः पंप लावला. दुपारी पाणी उतरलं. भाईदास तळाशी होता. कुशीवर.

डॉक्टर म्हणाले, कामावर दिसला नाही त्या पहिल्याच दिवशी गेलाय.

चंद्रभागानं कुंकू पुसलं. जाताना एकच गोष्ट मागितली. गोधडी.

त्या दिवसापासून खाट थंड पडली. दोन वर्षांनी कारखानाही बंद झाला. खोल्यांचे पत्रे लोकांनी नेले. मामा सुरतेत लिंबायतला आमच्याकडे राहायला आला. तो आजही जमिनीवर झोपतो.

मी विज्ञान शिकलेला माणूस. गरम वस्तू गार होते, हे परीक्षेत लिहून पास झालो. मामाची गोष्ट मी थट्टेवारी न्यायचो.

मागच्या जानेवारीत मामासोबत चंद्रभागाबाईंच्या गावी मुक्काम पडला. कडाक्याची थंडी. बाईंनी स्वतःच्या खाटेवरची गोधडी माझ्यापुढे केली. "घे बेटा, पांघर."

मी हात लावला.

"मावशी, आत्ता कोणी झोपलं होतं का इथे?"

"नही रे." त्या सहज म्हणाल्या. "पण हिवाळामां मले दुसरी गोधडी लागत नही."

मी गोधडी परत दिली. ती रात्र मी नुसत्या शर्टावर, कुडकुडत, जमिनीवर काढली.

मामाच्या शेजारी.