वगळलेल्या आवाजांची यादी

"सर, तुमच्या काचेतून आईची हाकपण बंद होते का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैज सोडणं प्रांजलला आजकाल जमत नसे. दहावीचा सगळा वर्ग हसला. खिडकीला बसवायची, आवाज अडवणारी निवांतकाच बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते कुलगुडे सर माहिती द्यायला वर्गात आले होते, तेही हसले.

"होऊ शकते. आवाज म्हणजे हवेतली लाट. काच ती ओळखते आणि नेमकी उलटी लाट सोडते. दोघी एकमेकींना गिळतात. कुठली लाट गिळायची, हे ती तुमच्याकडूनच शिकते. आवाज आला, आणि एकवीस दिवस खोलीतल्या कुणी मान वळवली नाही, तर तो नकोसा. तेव्हा आईला ओ देत जा."

पुन्हा हशा. प्रांजल मात्र खाली बसलीच नाही.

"बंद केलेले आवाज जातात कुठं, सर?"

"साठवलेले असतात. ॲपमध्ये यादी असते. उघडून कुणी बघत नाही, एवढंच."

इचलकरंजीतल्या त्यांच्या गल्लीत दोन्ही अंगांना यंत्रमाग. गेल्या दिवाळीत सगळ्या घरांनी काचा बसवल्या आणि आईला पंधरा वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप लागली. समोरच्या रत्नाक्कांनी तेवढी काच घेतली नाही. चाळीस वर्षं मागांशेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्यामुळं त्यांचे कान तसेही गेले होते. पाळी सुटल्याचा भोंगासुद्धा ऐकू येत नसे. म्हणून त्या रोज दारातून विचारायच्या, "प्रांजे, भोंगा झाला काय गं?" प्रांजल खिडकीतून हात हलवायची. मग आक्का भात टाकायच्या. दहावीचं वर्ष सुरू झालं आणि प्रांजलनं पुस्तकातून मान वर करणं सोडलं.

गेल्या मंगळवारी आक्का मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. तीन तास तशाच पडून होत्या. दवाखान्यात म्हणाल्या, "गल्लीत कुणी नसंल त्या वक्ताला." त्या तीन तासांत प्रांजल समोरच्या घरात, दहा हातांवर, बीजगणित सोडवत होती.

कुलगुडे सरांच्या तासानंतर घरी येऊन तिनं दप्तरही काढलं नाही. ॲपमध्ये आपल्या खोलीच्या काचेची यादी उघडली. माग. रिक्षाचा हॉर्न. कुत्री. मग: 'स्त्री, वयस्क, समोरचे घर. वगळण्यास सुरुवात: सात जुलै. कारण: प्रतिसाद नाही.' मंगळवारच्या नोंदीवर तिनं बोट ठेवलं. आधी बराच वेळ "प्रांजे" होतं. नंतर नुसतं "कोण हाय काय". शेवटी शेवटी शब्द नव्हतेच. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

पप्पा आल्यावर तिनं त्यांना आणि आईला ऐकवलं. पप्पा मध्येच उठले.

"कंपनीवर केस करायला पाहिजे. म्हातारं माणूस आणि कुत्रं एकाच यादीत?"

"कंपनीनं नाही घातलं, पप्पा. मी घातलं. एकवीस दिवस."

"तुझा अभ्यास होता, बाळ," आई हळूच म्हणाली. "आणि आक्कांना वाटतंय ना, कुणी नव्हतं म्हणून? वाटू दे की. माणसं होती आणि आली नाहीत, हे कळून त्या बऱ्या होणारेत का? परत याच गल्लीत राहायचंय त्यांना."

"म्हणूनच तर, आई. परत हाक मारतील, तेव्हा कुणाला मारायची ते त्यांना कळायला नको?"

खिडकीबाहेर माग हलत होते, आवाजाशिवाय.

"मी ठरवलंय," प्रांजल म्हणाली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "उद्या शाळेत जाणार नाही. दवाखान्यात जाऊन आक्कांना सांगणार, की मी घरातच होते. शिव्या देतील, नाहीतर तोंड फिरवतील. पण सांगणार."

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"हॉलच्या आणि तुमच्या खोलीच्या काचेचीपण यादी आहे. ती मी उघडलेली नाही. तुम्ही उघडणार का?"