सकाळी सहाची हजेरी

"पोरगी बरी हाय का न्हाई, एवढं शोधून द्या," मानसिंग म्हणाले.

विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत हा निवृत्त हवालदार एकटाच राहायचा. समोर खाजगी गुप्तहेर तहरीम मुल्ला बसली होती. शेजारी तिचा जोडीदार भाऊसो, माजी पोलीस. बिचाऱ्याला घाई सगळ्यांच्या आधी, आणि उलगडा सगळ्यांच्या शेवटी!

बायको गेल्यापासून मानसिंग रोज सकाळी सहाला घरात हजेरी घ्यायचे. माणसं दोनच, पण लेक प्रियदर्शनी "हजर!" म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तिनं त्यांचं न ऐकता शिरवळच्या कारखान्यात नोकरी धरली. तेव्हा ते कडाडले, "तुझं नाव कापलं. फोन करायचा न्हाई."

तिनं फोन केला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सहाच्या ठोक्याला मेल यायला लागला. 'हजर, बाबा.' खाली एखादी ओळ. चहाचा कप घेऊन ते वाचत बसायचे. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढंच.

नऊ दिवसांपूर्वी तेही थांबलं.

"तुम्ही कधी उत्तर दिलंत?" तहरीमनं विचारलं.

"कवाच न्हाई." त्यांनी नजर खिडकीकडं वळवली.

फोन काही त्यांनी हातात दिला नाही. स्वतःच धरून मेल दाखवले. दर मंगळवारी तीच ओळ होती, 'आज घाटावर फिरून या.' नदीच्या पुरात घाट पाण्याखाली होता त्या मंगळवारीसुद्धा.

"तिला पुराचं कळलं नसंल," भाऊसो म्हणाला.

आतल्या खोलीत कॉटवर नवीकोरी चादर होती. उशाशी भडंगाचा न फोडलेला पुडा. मानसिंगांच्या तोंडात तर एकही दात नव्हता.

खालच्या मोबाइल दुकानातला जयराज वैतागला. "माझ्यावर कशाला संशय? मेल बंद पडले म्हणता, त्याच्या आदल्या दिवशी काका आले, फोनात मराठी अक्षरं लावून घेतली आणि गेले. बास."

शिरवळला कारखान्यात तिचा जुना सहकारी फारूक भेटला. "प्रियदर्शनी जूनमध्येच पुण्याला गेली, दुसऱ्या नोकरीवर. आपोआप मेल पाठवणारी तिची स्क्रिप्ट या जुन्या कॉम्प्युटरवर आहे, फक्त त्यासाठी काढलेल्या वेगळ्या पत्त्यावरून मेल जातात. बंद करू नको म्हणाली होती. मी हातही लावलेला नाही."

तहरीमनं अर्धा तास स्क्रिप्ट वाचली. "यात बिघाड नाही. तिचा कंपनीचा मेलचा पत्ता चालू आहे?"

"छे! नोकरी सोडली त्याच दिवशी कंपनीनं बंद केला."

तहरीमनं प्रियदर्शनीचा नवा नंबर घेतला आणि बाहेर जाऊन फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तहरीम मानसिंगांसमोर बसली. "काका, तुमची लेक सुखरूप आहे. आणि मेल बंद पाडलेत ते तुम्हीच."

"आँ?" हे भाऊसोचं.

"सात वार, सात ओळी. पूर आला तरी ओळ बदलली नाही, म्हणजे पाठवत होतं यंत्र."

मानसिंगांचा चेहरा उतरला. "तीन वरसं मी यंत्रासंगं चहा पीत बसलो व्हय?"

"शब्द तिचेच होते. आणि यंत्राला तिनं पहिली आज्ञा दिली होती, बाबांचं उत्तर आलं की थांब आणि मला कळव. तुम्ही म्हणता, उत्तर दिलं नाही. मग मराठी अक्षरं कशाला हवी होती? नवी चादर कुणासाठी? आणि भडंग तुम्ही चावणार कशानं?"

त्यांनी फोन पुढं केला. पाठवलेल्या मेलमध्ये एकच शब्द होता. 'ये.'

"मी हाक मारली आन् ती गप झाली. वाटलं, आता तिला मी नको हाय. कुणाला सांगायची लाज वाटली, बाई."

"तिला तुमची हाक पोचलीच नाही. स्क्रिप्टनं निरोप धाडला तो कारखान्याच्या बंद पत्त्यावर. तो बदलायचा ती विसरली. तिकडं तिला वाटत होतं, मेल रोज जातोय आणि बाबा अजून बोलत नाहीत."

"मग तिला कळवा की!" भाऊसो उठलाच.

"कालच कळवलंय," तहरीम म्हणाली आणि तिनं दार उघडलं.

बाहेर बॅग घेऊन प्रियदर्शनी उभी होती. "हजर, बाबा."

मानसिंग ताडकन उठले. "दहा दिवस लेट," एवढंच कसंबसं म्हणाले आणि पुडा फोडायला गेले. गाठ काही त्यांना सुटेना. शेवटी तो तिनंच फोडला.