चादरीची चार मिनिटं

समितीच्या सन्माननीय सभासदांनो, तुम्ही तो सिनेमा पाहिलेला नाही. पाहिला असता, तर ‘चौथ्या रिळातली चार मिनिटं कापावीत, त्यात काही घडत नाही’ या ओळीखाली सात सह्या ठोकताना तुमच्यातल्या एकाचा तरी हात अडखळला असता.

कापायचं होतं तिनं. फाटकी रिळं जोडणं हे तिचं काम. सिनेमांच्या संग्रहालयात सगळे तिला ‘कात्री’च म्हणत. हॉलिवूडचा नव्वद वर्षांपूर्वीचा काळा-पांढरा बोलपट तिनं आठ महिने खपून उभा केला होता. आणि आता हा कागद. त्यावर आठवी सही बाकी होती, ती झाल्याशिवाय कात्री लागणार नव्हती. ती सही माहितीपत्रकं लिहिणाऱ्याची. त्याला सगळे टिपणराव म्हणत.

तो आला, पण सहीसाठी नव्हे.

“गोंद आहे का हो?” दारातून मान आत आली. “माहितीपत्रकात एक चूक राहिलीये... वर चिठ्ठी डकवायचीय.”

“एकच?” ती मान वर न करता म्हणाली. “बसा. आधी हे बघा.”

“पाहिलाय मी. दोन पानं लिहिलीत त्यावर.”

“म्हणूनच म्हणते, बघा.”

तिनं रीळ बघायच्या यंत्राची दांडी फिरवली. छोट्या काचेवर नायक-नायिका धुतलेल्या चादरीची घडी घालत होते. तो कायमचा परगावी निघालेला. ती ‘थांब’ म्हणत नाही. प्रत्येक घडीला दोघं जवळ येतात, टोकाला टोक लावतात... आणि ती मागं सरते.

“ही बघा, तिसरी घडी,” टिपणराव खुलले. “तिची नजर दारावरून झटक्यात त्याच्यावर येते. काय अभिनय आहे—”

“तो माझा.”

“म्हणजे?”

“तिथं फिल्म जळली होती. अर्ध्या सेकंदाचा तुकडा काढून मी जोड दिलाय. तुमचा झटका माझ्या केराच्या डब्यात आहे.”

“पण... मी छापलंय ते.”

“वाचलंय. आता खरा अभिनय बघा. तिचा अंगठा.”

त्यानं पाहिलं. नायिका आता नायकाकडे बघतच नव्हती. कापडावर नसलेली सुरकुती ती अंगठ्यानं पुन्हा पुन्हा मोडत होती. आणि सिनेमाभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या नायकाच्या हातून एक टोक निसटलं. ते उचलायला तो वाकला... आणि लागतो त्याहून एक क्षण जास्तच वाकलेला राहिला. वर आला तेव्हा चेहरा सावरलेला. नायिका एवढंच म्हणाली, ‘नीट धर.’

“पुन्हा लावता?”

तिनं लावलं. तिसऱ्या वेळी त्याची खुर्ची इतकी सरकली होती की कोपराला कोपर लागत होतं. कुणीच हललं नाही.

“मी गाढव आहे,” तो म्हणाला.

“त्याचीही चिठ्ठी डकवा.”

तो हसला. मग कागद ओढून सहीच्या जागी त्यानं लिहिलं, ‘यातच सगळं घडतं. कापू नये.’ समिती उद्या त्याचं काम काढून घेईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. रीळ मात्र वाचलं.

टेबलावर घालायचं मोठं पांढरं कापड धुऊन आलं होतं, खुर्चीवर तसंच पडलं होतं. “धरा,” ती म्हणाली.

पहिल्या घडीला तो नायिकेच्या मानेबद्दल बोलत होता. दुसऱ्या घडीला बोटं बोटांना लागली, तरी त्याची गाडी नायकाच्या खांद्यांवर. तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. आठ महिन्यांत या माणसानं गोंद मागितला, टाचण्या मागितल्या, पट्टी मागितली. शिपायाच्या टेबलावर या सगळ्याचा ढीग असताना दोन जिने चढून मागितलं.

“आणि गंमत बघा,” तो म्हणाला, “नायक तिला ‘येतेस का’ म्हणून शेवटपर्यंत विचारतच नाही, तरीही आपल्याला—”

“तो विचारत नाही, म्हणून त्याचा सिनेमा झाला. मला सिनेमा नकोय.”

तिचा अंगठा कापडावर फिरत होता, आणि तिथं सुरकुती नव्हती. हे त्याला दिसलं. त्याच्या हातातलं टोक निसटलं. तो वाकला.

“वाकून राहू नकोस,” ती म्हणाली. “वर बघ. दोन जिने चढून रोज कशाला येतोस? गोंद म्हणू नकोस. शेवटची घडी राहिलीये, ती घालायच्या आत मला उत्तर हवंय.”