झिपरीनं गिळलं

सुज्ञ वाचकहो, पुढील हकीकतीत एका वृद्धाचा मृत्यू, एका निरपराध स्त्रीवर आलेले बालंट आणि एका हाताला जडलेली सवय यथाक्रम कथन केली जाईल. उलगड्यास आवश्यक ते सर्व आपणासमोर ठेवले जाईल. लक्ष मात्र आपले असावे.

फौजदार पोहोचले तेव्हा कारखान्याचे मालक अण्णा पलंगावर निश्चेष्ट पडले होते. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या विस्तारल्या होत्या की डोळ्यांना रंगच उरला नव्हता. ओठ वाळून फुटले होते.

"विष," डॉक्टर म्हणाले. "आणि तेही घरचंच."

घराला लागूनच तो कारखाना होता. तेथे एका विषारी वनस्पतीची नुसती मुळे, मातीवाचून आणि पानांवाचून, काचेच्या बाटल्यांत साखरेच्या पाण्यावर वाढवीत. त्यांतून डोळ्यांचे औषध निघे. तेच जास्त झाले की माणूस भ्रमिष्ट होऊन मरतो.

विधवा सून कोपऱ्यात उभी होती. तिचे केस मोकळे सुटले होते.

"खोकल्याचं औषध कोणी दिलं?"

"मीच. रोज मीच देते."

"मग?"

"हवेतलं काहीतरी वेचायला लागले. पाणी पाणी करत होते. वन्सं म्हणाल्या, ठसका लागेल, देऊ नकोस."

"काही बोलले?"

सुनेने मान खाली घातली. "'झिपरीनं गिळलं मला.'"

"ही झिपरी कोण?"

उत्तर दारातून आले. अण्णांची मुलगी, ताई, तेथे उभी होती. "कोण म्हणजे? हिच्या डोक्याकडे बघा की! दादा गेल्यापासून कंगव्याची आणि हिची भेट नाही."

"वन्सं!"

हवालदार पुढे झाला. "चला बाई, चपला घाला."

"थांब जरा," फौजदार म्हणाले.

ते औषधाची बाटली न्याहाळीत होते. कागदी लेबलाची वरची कड करपली होती. झाकणाखालची प्लास्टिकची कडी एका अंगाने वितळली होती.

"ही गॅसजवळ ठेवता का?"

"नाही हो. इथंच, कपाटात. काल आणली तेव्हा कोरी करकरीत होती."

तदनंतर फौजदार मुळांच्या खोलीत गेले. मुळांची निगा ताईकडे असे; तीही सोबत होती. यंत्रावर बाटल्यांच्या रांगा मंद डुलत होत्या. प्रत्येकीत पांढऱ्या केसांचा गुंता वाटावा, अशी मुळे तरंगत होती. ताईने बोलता बोलता एक बाटली उघडली, तिचे तोंड दिव्याच्या ज्योतीवरून फिरवले, मुळाचा तुकडा काढला, तोंड पुन्हा ज्योतीवर धरले आणि झाकण लावले. ज्योतीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

"एवढं जपता?"

"एक कण आत गेला की बुरशी येते. सगळी मरतात."

इतक्यात शेजारच्या खोलीतून जावई डोकावला. वाळलेल्या मुळांतून औषध काढणे हे त्याचे काम. "अगं, झिपरीला आज उकडायचं होतं ना? अण्णा गेले, म्हणजे ती सुटली म्हणायची!"

ताईचा हात थबकला.

"उकडायचं कोणाला?" फौजदारांनी विचारले.

"ही मुळं हो! केसाळ, म्हणून आम्ही झिपरी म्हणतो. अण्णांनी दुप्पट औषध देणारं नवं वाण आणलंय, म्हणून ही जुनी मारून टाकायची. हिला म्हणाले, तुझी झिपरी तूच कुकरात घाल."

फौजदारांनी सर्वांना त्याच खोलीत एकत्र केले. पेटत्या दिव्यापाशी खोकल्याच्या औषधाच्या तीन कोऱ्या बाटल्या मांडल्या.

"अण्णांना औषध कसं ओतलं असेल, ते एकेकानं दाखवा. चमचाभर ओता."

सुनेने औषध ओतले आणि बाटलीचा ओघळ अंगठ्याने पुसला. जावयाने निम्मे टेबलावर सांडले. ताईने झाकण करंगळीत धरले आणि बाटलीचे तोंड सहज ज्योतीवरून फिरवले.

खोलीत करपलेल्या कागदाचा वास पसरला. ताईने स्वतःच्या हाताकडे पाहिले, जणू तो परक्याचा होता.

फौजदार शांतपणे बोलू लागले. "असा हात या घरात एकच आहे. वहिनींचा या खोलीशी संबंध नाही. जावईबापू मेलेली मुळं हाताळतात, त्यांना बुरशीचं भय कशाला? तुम्ही झिपरीचं पाणी आटवलंत, अण्णांच्या औषधात मिसळलंत, आणि मिसळताना सवयीनं बाटली शेकलीत. बापाला विष पाजायचं, पण त्या विषाला बुरशी लागायला नको! अण्णांचा जन्म या विषात गेला होता. अंगात भिनताच त्यांनी ते ओळखलं आणि त्याचं नाव घेतलं. तुम्ही ते नाव वहिनीच्या गळ्यात बांधलंत."

"अण्णा हसत म्हणाले होते," ताई म्हणाली. "'पोटी काही उगवलं नाही, बाटलीत उगवलं त्याचं कसलं कौतुक करतेस!'"

"आणि पाणी का नाही दिलंत?"

"वाचले असते तर?"

हवालदाराने बेड्या घातल्या तशी ती कासावीस झाली. "आता झिपरीला कोण बघेल? यंत्र चालू राहू दे, नाहीतर गुदमरेल ती! वहिनी, तू तरी लक्ष ठेव गं. पाया पडते तुझ्या."

सून भिंतीपाशी गेली. क्षणभर तिने डुलणाऱ्या बाटल्यांकडे पाहिले.

"तेही पाणी पाणी करत होते, वन्सं," ती म्हणाली आणि तिने बटण खाली ओढले.

बाटल्या डुलायच्या थांबल्या. पांढरे केस सावकाश तळाशी बसू लागले.

वाचकहो, करपलेली कड पाहताच ज्यांनी तो हात ओळखला, त्यांच्या चातुर्यास माझे वंदन. ज्यांनी सुनेवर संशय घेतला, त्यांनी तिची मनोमन क्षमा मागावी. आपण शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला विनम्र लेखक,
'दिवाभीत'