शेवटचं बोटभर अंतर

मेरननं ग्रेगरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो धक्क्यावर रिमझिम पावसात स्वतःच्याच चेनशी भांडत उभा होता. ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या बुडीच्या पोशाखाची, चेन खांद्यावरून तिरकी खाली येऊन पोटापाशी अडकली होती. ऑर्कनीच्या बेटांवर मे महिन्यातही वारा हाडांपर्यंत जातो. गड्याचे ओठ निळे पडायला लागले होते.

पाणबुड्यांचे हवेचे सिलिंडर भरायच्या खोपटातून ती बाहेर आली. खिशातला मेणबत्तीचा तुकडा काढून, न विचारताच, चेनच्या दातांवर घासला.

"ओढा आता."

चेन निमूट सरकली.

"लीथकडे मेणबत्त्या मिळत नाहीत वाटतं?" तिनं विचारलं.

"मिळतात. पण त्या पेटवायच्या असतात असा आमचा समज आहे." मग तो थबकला. "मी लीथचा, हे कसं कळलं?"

"तुमच्या पेटीवर पत्ता आहे. मोठ्या अक्षरात. हरवायची सवय दिसतेय."

तो हसला. मेरननं नजर पाण्याकडे वळवली, कारण ते हसू तिला आवडलं आणि आवडलेलं तिला आवडलं नाही.

तो 'हेल्गा'ची मापं घ्यायला आला होता. हेल्गा म्हणजे महायुद्धात सामुद्रधुनीचं तोंड बंद करायला मुद्दाम बुडवलेलं मालवाहू जहाज. धक्क्यापासून पोहत जाता येईल इतकं जवळ, जेमतेम नऊ मीटर पाण्यात. ओहोटीला त्याच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचं, टोक पाण्याबाहेर वीतभर दिसायचं. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी चाळीस मिनिटं थांबतं, तेवढाच वेळ बुडी मारायची. त्यानंतर प्रवाह कुणाची गय करत नाही.

घड्याळ लावून काठावर बसायचं काम मेरनचं. ती स्वतः मात्र उतरत नव्हती.

"तुम्हाला पाण्याची भीती वाटते?" जूनमध्ये एकदा त्यानं विचारलं. दोघं भिंतीवर बसून सूप पीत होते.

"मी बारा वर्षांची असल्यापासून हेल्गावर उतरतेय."

"मग?"

तिनं खोपटाच्या दाराकडे बोट केलं. आत खिळ्याला तिचा जुना ड्रायसूट लटकत होता. त्याची चेन पाठीवर होती, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत.

"ही आपली आपल्याला लावता येत नाही. बाबा लावायचे."

तिचे वडील, मॅन्सी, वर घराच्या खिडकीत बसलेले असत. मागच्या शरद ऋतूत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. बारा वर्षं त्यांनी लेकीची चेन ओढली होती, खांद्यावर दोन थापा मारल्या होत्या आणि म्हटलं होतं, "जा."

"मी लावीन की," ग्रेगर सहज म्हणाला.

"नको."

"समोर चेन असलेला सूट घ्या मग. माझ्यासारखा. कुणाची गरजच नाही."

"तेच तर," ती म्हणाली, आणि सूप अर्धं टाकून उठून गेली.

तिला त्याचा राग नव्हता. दुसऱ्या कुणी ती चेन लावली, की बाबा आता कधीच लावणार नाहीत हे खरं ठरणार होतं. अजून ते खरं नव्हतं. निदान ती सूट खिळ्यावरून काढत नव्हती तोवर तरी नव्हतं.

उन्हाळा सरला. ग्रेगर रोज पाण्याबाहेर यायचा आणि आधी तिच्याकडे बघायचा, मग घड्याळाकडे. ती म्हणायची, "दोन मिनिटं उशीर." तो म्हणायचा, "तुम्ही काळजी करत होता?" ती म्हणायची, "सिलिंडर माझे आहेत." असं चाललं होतं. तो दिसला नाही की दिवस लांबतो, हे ती स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हती.

ऑगस्टअखेरीस तो घरी आला. मॅन्सींसमोर त्यानं आपले नकाशे पसरले.

"नाळेच्या बुडाशी तडा गेलाय," तो म्हणाला. "हा हिवाळा ती काढणार नाही. मला शेवटचे फोटो घ्यायचेत, पण माझा जोडीदार सर्दीनं बेजार होऊन कालच परत गेला. आणि तुमच्या दारावर लिहिलंय, एकट्यानं उतरायचं नाही."

मॅन्सींनी डाव्या हाताचं बोट नकाशातल्या नाळेवर ठेवलं. त्यांना शब्द सापडायला वेळ लागायचा.

"मेरन," ते म्हणाले. "तू जा. माझ्या वाटचं... बघून ये."

"बाबा, मी—"

"माझा हात येणार नाही, पोरी. ती नाळ पण थांबणार नाही."

मेरन उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ कशासाठी सोडलाय हे बाहेर दोघांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅन्सींची खुर्ची धक्क्यावर आणली. मेरननं सूट चढवला, केस वर धरले आणि ग्रेगरकडे पाठ केली. चेन सरकत गेली... आणि त्याचा हात थांबला.

"झाली."

"नाही झाली. घाई करू नकोस." ती त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. "शेवटचं बोटभर राहतं. पाणी तिथूनच शिरतं."

"ये इकडे," मॅन्सी म्हणाले. मेरन खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. त्यांनी डावा हात ग्रेगरच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून शेवटचं बोटभर अंतर ओढलं. मग म्हाताऱ्यानं दोन थापा मारल्या.

"जा."

खाली पाणी हिरवं आणि निवांत होतं. नाळ समुद्रतळातून तशीच उभी होती, अंगभर पांढरी मऊ प्रवाळं घेऊन. बाबांनी तिला इथंच श्वास सावकाश घ्यायला शिकवलं होतं. मेरननं तळवा नाळेपासून अंगुळभर दूर धरला. हात लावायचा नाही, हाही बाबांचाच नियम. ग्रेगरनं एक फोटो काढला आणि कॅमेरा खाली केला. शेवाळ प्रवाहाबरोबर एका बाजूला झुकू लागलं, वेळ संपत आला होता, पण त्यानं तिला ओढलं नाही. नुसता जाड हातमोज्यातला हात पुढे धरला. थोड्या वेळानं तिनं तो घेतला.

"उभी आहे?" काठावर मॅन्सींनी विचारलं.

"उभी आहे, बाबा. पण तडा मोठा आहे."

ते मान हलवून म्हणाले, "कोरडी आलीस ना?"

"कोरडी आले."

पाठीवरून एकही थेंब आत गेला नव्हता.

निघताना फेरीबोटीच्या धक्क्यावर ग्रेगर म्हणाला, "मी पत्र लिहीन."

"पेटीवरचा पत्ता आहे माझ्याकडे," मेरन म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. भोंगा वाजला, ते राहून गेलं.

फेब्रुवारीच्या वादळानंतरच्या ओहोटीला पाण्याबाहेर काहीच दिसलं नाही. मॅन्सी खिडकीतून बघत राहिले, मग त्यांनी चहा मागितला. मेरननं लीथला पत्र लिहिलं. 'नाळ गेली. बाबा बरे आहेत. मी बरी नाही. तुझी आठवण येते.' शेवटची दोन वाक्यं खोडावीत असं वाटायच्या आत तिनं ते टपालपेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये तो स्वतः आला, हातात एक जुनापुराणा, कोपरांवर ठिगळं लावलेला सूट घेऊन.

मेरननं तो उलटा करून पाहिला. चेन पाठीवर होती.

"तुझा चांगला सूट कुठंय?"

"मित्राला दिला. त्यात सगळं एकट्याला करता यायचं." त्यानं मान खाली घातली. "मला ते नको झालंय, मेरन. मी तुझ्यावर प्रेम करतो. इथंच काम शोधलंय. तू नको म्हणालीस तर... हा सूट मात्र वाया जाईल."

"चढव," ती म्हणाली आणि खिळ्यावरून आपलाही सूट काढून चढवला. "वळ."

तिनं चेन ओढली, शेवटचं बोटभर अंतरही ओढलं. वर खिडकीत मॅन्सींनी चहाचा कप खाली ठेवला. मग मेरननं आपले केस वर धरले आणि ग्रेगरकडे पाठ केली.

"आता माझी लाव."

त्यानं सावकाश लावली. बोट फिरवून दोनदा तपासली. खांद्यावर दोन थापा मारल्या.

"चल," तो म्हणाला.